लुआ : पाहुण्या भाषेची पारख

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आमच्या शाळेच्या परसबागेत मिरची आणि वांग्याची रोपे टाकली होती. सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते, म्हणून नववीच्या मुलांनी एक यंत्र जोडले. मातीतला ओलावा मोजणारी कांडी, एक रिले, एक छोटा पंप आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा ईएसपी ८२६६ या चिपचा बोर्ड. नियम साधा होता. ओलावा ठरावीक आकड्याच्या खाली गेला की पंप चालू, वर गेला की बंद. शनिवारी दुपारपर्यंत सारे व्यवस्थित चालले होते. घरी जाण्यापूर्वी एका मुलाने ओलावा वाचणारा भाग नीटनेटका करून पुन्हा लिहिला. यंत्र नव्याने सुरू केले, माती कोरडी होती, पंप लगेच चालू झाला, आणि सगळे समाधानाने घरी गेले.

सोमवारी सकाळी हजार लिटरची टाकी रिकामी होती, वाफ्याचा चिखल झाला होता आणि रोपे आडवी पडली होती.

चूक शोधायला अर्धा तास लागला. आधीच्या मुलीने प्रोग्रॅममध्ये 'ओलावा' हे नाव रोमन अक्षरांत लिहिताना 'वा'साठी व्ही वापरला होता. पुन्हा लिहिणाऱ्याने डब्ल्यू वापरला. आपल्याकडे दोन्ही चालते. हजेरीपटावर एकाच आडनावाची दोन रूपे आपण रोज पाहतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी नावे होती. सुरुवातीला घेतलेले कोरड्या मातीचे वाचन व्ही-वाल्या नावात पडून राहिले. नंतरची सगळी वाचने डब्ल्यू-वाल्या नावात जात राहिली, आणि पंपाचा निर्णय घेणारी ओळ व्ही-वाल्या नावाकडेच पाहत बसली. "सर, एररसुद्धा आली नाही हो!" ही त्या मुलाची तक्रार होती, आणि ती अगदी रास्त होती.

प्रोग्रॅम लुआ नावाच्या भाषेत होता. त्या दिवशी शिक्षकखोलीत दोन तट पडले. आमचे भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "यंत्राच्या पोटात सी-शिवाय दुसरी भाषा घालूच नये. कंपायलरने जागच्या जागी पकडलं असतं." दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की सी शिकवायला घेतले असते तर मुले अजून पॉइंटरपाशीच अडकली असती आणि बागेत यंत्र उभेच राहिले नसते. दोघांचेही बरोबर होते, हीच अडचण. तेव्हापासून मी या भाषेकडे जरा परीक्षकाच्या नजरेने पाहतो आहे. एखाद्या कादंबरीची करतो तशी प्रोग्रॅमिंगच्या भाषेचीही समीक्षा करता येते. कारण तीही कोणीतरी, कोणासाठीतरी, काही गोष्टी जाणूनबुजून सोडून देऊन घडवलेली असते.

दोन थर

धुण्याचे यंत्र, वीजमीटर, लिफ्ट, रुग्णालयातला सलाइनचा पंप, या सगळ्यांच्या पोटात एक लहान संगणक असतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो, आणि स्मृती फार थोडी असते. त्याचा प्रोग्रॅम बहुधा सी भाषेत लिहितात, तो कंपायलरमधून काढून चिपमध्ये बसवतात, आणि मग सहसा त्याला कोणी हात लावत नाही.

स्क्रिप्ट-भाषेची कल्पना अशी, की या प्रोग्रॅमचे दोन थर करायचे. खालचा थर सी-मध्ये. पायावर वीज कशी सोडायची, किती मायक्रोसेकंद थांबायचे, रेडिओ कसा चालवायचा, ही कामे त्याची. वरच्या थरात कधी आणि किती हे ठरते, म्हणजे वेळापत्रक, नियम, अपवाद. हा वरचा थर साध्या मजकुराच्या रूपात राहतो. चिपमधला एक दुभाषा, म्हणजे इंटरप्रिटर, तो वाचत जातो आणि खालच्या थराकडून कामे करून घेतो. नियम बदलायचा तर मजकूर बदलायचा. सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून चिपमध्ये भरायची गरज उरत नाही.

हे नुसते सोयीचे नाही. यंत्राचे वागणे कोणी बदलायचे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. सगळे सी-मध्ये असेल तर तो अधिकार कारखान्याकडे राहतो. वरचा थर उघडा असेल तर तो शेतकऱ्याकडे, परिचारिकेकडे किंवा नववीतल्या मुलीकडे येऊ शकतो.

तेलविहिरींवरची भाषा

लुआचा जन्म याच प्रश्नातून झाला. ब्राझीलने १९७७ ते १९९२ या काळात परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर यांच्यावर कडक बंधने घातली होती. त्यामुळे रिओ द जानेरोच्या पॉन्टिफिकल कॅथलिक विद्यापीठातल्या 'टेकग्राफ' या गटाला बरीचशी अवजारे स्वतःच घडवावी लागली. त्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे पेट्रोब्रास ही तेल कंपनी. तिथल्या अभियंत्यांना आकडेवारी भरण्यासाठी आणि खडकांच्या थरांचे आलेख काढण्यासाठी प्रोग्रॅम हवे होते, आणि प्रत्येकाची गरज थोडी वेगळी होती. म्हणून टेकग्राफने दोन चिमुकल्या भाषा केल्या. एकीचे नाव डेल, दुसरीचे सोल. पोर्तुगीज भाषेत 'सोल' म्हणजे सूर्य. १९९३ मध्ये रोबेर्तो येरुसालिम्शी, लुईझ एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी या दोन्हींच्या जागी एकच भाषा करायचे ठरवले. सूर्यानंतर आली म्हणून तिचे नाव लुआ, म्हणजे चंद्र.

गिऱ्हाईक कोण होते हे ध्यानात ठेवले म्हणजे या भाषेच्या अनेक खोडी समजतात. तेलविहिरीवरचा भूवैज्ञानिक पेशाने प्रोग्रॅमर नव्हता. म्हणून चिन्हे कमी आणि शब्द जास्त. म्हणून यादीतली पहिली वस्तू शून्य क्रमांकाची नसून एक क्रमांकाची. प्रोग्रॅमर मंडळी या एकाला नाके मुरडतात. वर्गात शिकवणाऱ्याला मात्र तो वरदान वाटतो. (सी-मधून आलेली यादी लुआत घेताना प्रत्येक वेळी एक मिळवायचा विसर पडतो, ही त्या वरदानाची किंमत. आम्ही ती दोनदा मोजली आहे.)

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा. लुआ मुळातच पाहुणी म्हणून घडवली गेली. तिचा इंटरप्रिटर म्हणजे साध्या, कुठेही कंपाइल होणाऱ्या सी-मध्ये लिहिलेला एक संच आहे, आणि यजमान प्रोग्रॅम त्याला आपल्या घरात बोलावतो. सी आणि लुआ यांच्यातली देवाणघेवाण एका उतरंडीतून चालते. जुन्या घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी. सी-ने वर एक मूल्य ठेवायचे, लुआने ते उचलायचे, उत्तर पुन्हा उतरंडीवर ठेवायचे. लुआच्या अंतर्गत रचनेत सी-ला थेट हात घालता येत नाही. हा आडमार्ग सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो. पण लुआ न लागणारी स्मृती आपणहून मोकळी करते. वापरात असलेली वस्तू चुकून केरात जाऊ नये याची हमी या उतरंडीमुळे मिळते.

सगळ्या प्रमाणित सोयींसह लुआ ५.४ चा इंटरप्रिटर ६४-बिट लिनक्सवर तीनशे किलोबाइटांच्या आत मावतो. रचना करायला एकच साधन : टेबल. यादी हवी, टेबल. कोश हवा, टेबल. नोंदवही हवी, तरी टेबलच. आणि एक सुंदर सोय म्हणजे को-रूटीन. शाहीर थांबतो, झीलकरी धरतात, मग शाहीर जिथे सोडले तिथूनच पुढे गातो, तसे दोन प्रोग्रॅम आळीपाळीने चालतात आणि प्रत्येकाला आपली जागा आठवते. सिग्नलचे दिवे आणि पादचाऱ्यांचे बटण एकाच वेळी सांभाळायचे असेल तर सी-मध्ये 'आपण आता कुठल्या अवस्थेत आहोत' याचे आकडे जपत बसावे लागते. को-रूटीनमध्ये सिग्नलची गोष्ट वरून खाली सरळ लिहिता येते.

पाहुण्याला किती खोल्या उघडायच्या हे यजमान ठरवतो. फाइली नको असतील तर फाइलींचा संच द्यायचाच नाही. विकिपीडियाने २०१३ पासून साच्यांसाठी लुआ घेतली. मराठी विकिपीडियावरच्या माहितीचौकटींमागेही ती काम करते. तिथे कोणीही प्रोग्रॅम लिहू शकतो. पण प्रत्येक पानाला वेळ आणि स्मृती यांची मर्यादा घातलेली असते. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या घरात चालवायचा आणि घर शाबूत ठेवायचे, या कसोटीवर लुआ चांगली उतरते.

पाहुणी घरमालकीण झाली की

आता दोष. ते मी चिपच्या संदर्भातच सांगतो. मोठ्या संगणकावर यातले निम्मे कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

ईएसपी ८२६६ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. वायफाय असूनही फार स्वस्त, म्हणून ती जगभर पसरली. २०१४ मध्ये तिच्यासाठी 'नोडएमसीयू' नावाचे फर्मवेअर आले. त्यात लुआ ५.१ होती. पण त्यासोबत एक कल्पनाही आली : सगळेच लुआत लिहा, सी-कडे पाहायची गरज नाही. म्हणजे पाहुणीच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या. दोषांची मालिका इथून सुरू होते.

पहिला प्रश्न स्मृतीचा. लुआ आणि वायफाय यांनी आपापला वाटा घेतल्यावर या चिपवर मुलांच्या प्रोग्रॅमसाठी साधारण ४० किलोबाइट उरतात. समजा, दर मिनिटाला तापमानाची एक ओळ नोंदवायची आहे. एक ओळ २० अक्षरांची. दिवसभरात १,४४० ओळी, म्हणजे २८,८०० बाइट. मुले हिशोब करतात आणि म्हणतात, मावते की! पण लुआत एकदा तयार झालेली अक्षरमाला बदलता येत नाही. जुन्या मजकुराला एक ओळ जोडायची म्हणजे पूर्ण नवा मजकूर तयार करायचा आणि जुना केरात टाकायचा. जोडण्याच्या क्षणी जुना आणि नवा, दोन्ही स्मृतीत हजर असावे लागतात. म्हणजे मजकूर २० किलोबाइटांपाशी पोचला, साधारण हजार ओळी झाल्या, की ४० किलोबाइट संपले. दर मिनिटाला एक ओळ या हिशोबाने हे व्हायला जास्तीत जास्त साडेसोळा-सतरा तास. दुपारी बारा वाजता सुरू केलेला प्रयोग पहाटे पाचच्या आतच कोलमडतो. सकाळी शाळेत येऊन पाहावे तर बोर्ड आपोआप पुन्हा सुरू झालेला आणि नोंदी गायब! उपाय सोपा आहे. ओळी टेबलात वेगवेगळ्या ठेवाव्यात, किंवा प्रत्येक ओळ लगेच फाइलीत लिहावी. पण हा उपाय कळण्यासाठी आत काय चालले आहे हे कळावे लागते. आणि 'आत काय चालले आहे ते कळायची गरज नाही' या आश्वासनावर तर ही भाषा मुलांपुढे ठेवली जाते.

दुसरा प्रश्न वेळेचा. अंतर मोजायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर आपल्यापैकी अनेकांनी वर्गात वापरला असेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तो जाऊन परत येतो, म्हणून एक सेंटिमीटर अंतरासाठी सुमारे ५८ मायक्रोसेकंद. आता इंटरप्रिटरने नेमक्या त्या क्षणी केर काढायला घेतला आणि एक मिलिसेकंद घालवला, तर उत्तरात सतरा सेंटिमीटरची चूक पडते. तीही दर वेळी पडत नाही. कधीकधीच पडते, म्हणून शोधायला जास्त अवघड. अशी मोजणी खालच्या थरातच, सी-मध्ये व्हायला हवी. वरच्या थराला फक्त 'अंतर किती?' असे विचारता यावे.

तिसरा प्रश्न आकड्यांचा, आणि मला वाटते शिक्षकांसाठी हाच सर्वांत बोलका. लुआत ५.२ आवृत्तीपर्यंत संख्येचा एकच प्रकार होता : दशांशाची. भूवैज्ञानिकाला हे सोयीचे. पण लहान चिपमध्ये दशांशाचे गणित करणारा वेगळा विभाग नसतो, ते सगळे सॉफ्टवेअरने करावे लागते. म्हणून नोडएमसीयूने दोन प्रकार काढले. एकात दशांश, दुसऱ्यात केवळ पूर्णांक. पूर्णांकाच्या प्रकारात तापमान २७.४ अंश असेल तर सेन्सरचा संच २७ आणि दशांशाचा भाग अशी दोन वेगळी मूल्ये देतो. मुलांनी २७, २८ आणि २८ यांची सरासरी काढली आणि यंत्राने २७ सांगितले, तेव्हा वर्गात जी चर्चा झाली ती फार चांगली झाली. पण तो धडा भाषेने हेतुपूर्वक दिलेला नव्हता. ५.३ आवृत्तीत, २०१५ मध्ये, पूर्णांक आणि दशांश असे दोन प्रकार रीतसर आले.

यातून चौथी तक्रार निघते. लुआच्या आवृत्त्या एकमेकींशी पुरत्या जमवून घेत नाहीत. भाषेच्या कर्त्यांपैकी येरुसालिम्शी यांचे 'प्रोग्रॅमिंग इन लुआ' हे पुस्तक २००३ मध्ये प्रथम आले. चौथी आवृत्ती २०१६ ची आहे आणि ती ५.३ वर बेतलेली आहे. पुस्तक उत्तम आहे. लेखक आपल्या भाषेची बढाई मारत नाही, एखादी सोय का दिली नाही हेही सांगतो, आणि सी-शी जोडणी कशी करायची याला शेवटी मोठा भाग देतो. पण आपल्या हातातल्या बोर्डावर ५.१ असेल तर पुस्तकातली पूर्णांक भागाकाराची खूण चालत नाही, बिटांच्या क्रियांच्या खुणा चालत नाहीत. शिक्षकाला वाटते आपलेच काही चुकले. आठ वजिरांचे कोडे त्यात छान सोडवलेले आहे. चाळीस किलोबाइटांत संसार करणाऱ्याच्या घरातली उदाहरणे मात्र मिळत नाहीत. पहिली आवृत्ती इंटरनेटवर मोफत वाचायला मिळते. जुन्या बोर्डांसाठी तीच अधिक उपयोगी, असा माझा अनुभव आहे.

मराठी शाळेच्या दृष्टीने एक छोटी कुरकुर. प्रमाणित लुआत नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागतात. मजकूर देवनागरीत ठेवता येतो, पण 'पाणी' या शब्दाची लांबी विचारली तर भाषा १२ सांगते. कारण ती बाइट मोजते, आणि प, काना, ण, वेलांटी अशा चार खुणांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. ५.३ पासूनच्या वेगळ्या संचाला विचारले तर तो ४ म्हणतो. आपण अक्षरे दोन मोजतो. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, हे सातवीच्या वर्गाला सांगून पाहा. तास कसा संपला कळत नाही.

आणि आता आमची रोपे. लुआत एखाद्या नावाला मूल्य देताना ते नाव आधी जाहीर करावे लागत नाही. नाव नसेल तर ते निमूटपणे तयार होते, आणि तेही सगळ्या प्रोग्रॅमभर दिसणारे. मोठ्या संगणकावर अशी चूक झाली तर उत्तर चुकते, आपण ते पाहतो आणि दुरुस्त करतो. यंत्राच्या पोटात पाहणारा कोणी नसतो. पंप चालू राहतो. म्हणून हा दोष इतरांपेक्षा मी वरचा मानतो. तो लुआचा एकटीचा नाही, हेही कबूल करायला हवे. १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पात आपल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते, ते जुन्या शिक्षकांना आठवत असतील. त्यातले बेसिक नसलेले नाव वाचायला गेले की थांबे. लिहायला गेले तर मात्र गुपचूप नवे नाव करी. पायथॉनही हेच करते. ब्रिटनमध्ये २०१६ पासून सुमारे दहा लाख मुलांना 'मायक्रोबिट' नावाचा बोर्ड वाटला गेला. त्याच्या पहिल्या रूपात सगळी मिळून १६ किलोबाइट रॅम होती आणि तरी त्यावर मायक्रोपायथॉन चालत असे. व्ही आणि डब्ल्यूची गफलत आमच्या मुलांनी त्या बोर्डावर केली असती, तरी वाफ्याचा चिखल झालाच असता.

फरक आहे तो उपायात. लुआमध्ये भाषेच्या आतूनच या खोडीला वेसण घालता येते. सगळी मोकळी नावे एका टेबलात असतात, आणि त्या टेबलाला 'नवे नाव आले तर हे कर' असे सांगता येते. त्यासाठी 'स्ट्रिक्ट' नावाचा दहा-वीस ओळींचा तुकडा बराच काळ प्रचलित आहे. तो सुरुवातीला जोडला की जाहीर न केलेल्या नावाला मूल्य देताच प्रोग्रॅम थांबतो आणि ओळ दाखवतो. २०२५ सालच्या ५.५ आवृत्तीत तर मोकळी नावे जाहीर करण्याची सोय भाषेतच आली आहे. जन्मानंतर बत्तीस वर्षांनी! उशीर झाला असे मी म्हणेन. ज्यांचे प्रोग्रॅम तेलविहिरींवर वापरले जाणार होते, त्यांनी हे आधीच करायला हवे होते.

आकाशातले उदाहरण

मग सर म्हणतात तसे, सी-च बरे का? याला उत्तर म्हणून मी एक उदाहरण देतो, ते लुआचे नाही. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब अंतराळ दुर्बीण सोडली गेली. पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर ती काम करते. तिथे दुरुस्तीला माणूस जाऊ शकत नाही. तिच्या वैज्ञानिक उपकरणांची निरीक्षणे पार पाडणारा वरचा थर स्क्रिप्टमध्ये आहे, आणि ती भाषा म्हणजे चक्क जावास्क्रिप्ट, आपल्या वेबपानांवरची. तिचा इंटरप्रिटर नॉम्बास नावाच्या कंपनीने केलेला. दुर्बीण उडण्याच्या कितीतरी आधी ती कंपनी बंदही झाली.

ऐकून अंगावर काटा येतो. पण रचना पाहा. आरसे, चाके, शोधक यांना प्रत्यक्ष हलवणारा खालचा थर सी प्लस प्लसमध्ये आहे. स्क्रिप्ट त्याला आज्ञा देते आणि काय झाले ते विचारते. निरीक्षणांची यादी जमिनीवरून जाते. मार्गदर्शक तारा सापडला नाही तर स्क्रिप्ट ते निरीक्षण सोडून पुढच्याकडे वळते. आणि निरीक्षणाची पद्धत बदलावीशी वाटली तर बाल्टिमोरच्या संस्थेतली मंडळी स्क्रिप्टचा मजकूर बदलू शकतात. खालच्या थराला हात लावावा लागत नाही. भाषा गोठलेली असली तरी बिघडत नाही, कारण ती कधी बदलणार नाही हीच तिथली सोय. आमच्या बोर्डावर आणि त्या दुर्बिणीत फरक भाषेचा नव्हता. सीमा कुठे आखली, याचा होता. आम्ही ती आखलीच नव्हती.

जूनमधली दुरुस्ती

शाळा सुरू झाल्यावर आम्ही यंत्र पुन्हा बांधले. लुआ ठेवली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने रविवारी येऊन सी-चा एक छोटा भाग फर्मवेअरमध्ये घालून दिला. त्यात तीनच कामे आहेत : ओलावा वाचणे, पंप चालवणे, पंप थांबवणे. पंप सलग आठ मिनिटांपेक्षा जास्त चालू राहिला तर हा भाग लुआला न विचारता तो बंद करतो आणि तासभर पुन्हा चालू होऊ देत नाही. मुलांच्या लुआला पंपाची तार दिसतच नाही. त्या तीन आज्ञा तेवढ्या दिसतात. स्ट्रिक्टचा तुकडा पहिल्या ओळीत आहे. 'ओलावा' कसा लिहायचा यावर वर्गात मतदान घेतले. व्ही जिंकला, डब्ल्यूवाला मुलगा अजून नाराज आहे.

भौतिकशास्त्राचे सर अजून म्हणतात की हे सगळे सी-मध्ये साठ ओळींत झाले असते. झाले असते, मी मोजून पाहिले, त्रेसष्ट ओळी. पण जुलैत पाऊस लांबला तेव्हा आठवीतल्या दोन मुलींनी नियम बदलला. दुपारी बारा ते चार पंप चालवायचा नाही, कारण तेव्हा घातलेले पाणी उन्हात उडून जाते, हे त्यांनी दोन वाफ्यांवर ताडून पाहिले होते. बदल चार ओळींचा होता. त्यांनी तो वायफायवरून पाठवला आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितले.

आता त्यांच्यापैकी एकीला आठ मिनिटांची मर्यादा बारा करून हवी आहे. भेंडीच्या वाफ्याला आठ पुरत नाहीत म्हणते. ती मर्यादा लुआत नाही, सी-मध्ये आहे आणि ती मुद्दामच तिथे ठेवली आहे, असे मी सांगितले. तिने विचारले, "मग सर, तो सी-चा कागद कुठाय?" शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तो घेऊन बसतो आहोत.